चाल कुणाची, नाव कुणाचे?

१८४२ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेल्सन लंडनला आला होता आणि बकिंगहॅम राजवाड्यातून त्याला बोलावणे आले होते. राणी व्हिक्टोरिया तेव्हा अवघी तेवीस वर्षांची होती. तिला आणि तिचे पती प्रिन्स आल्बर्ट यांना संगीताचे मनापासून वेड. गप्पांच्या ओघात राणीने एखादे गाणे म्हणावे, असा आग्रह झाला. तिने फेलिक्सच्याच छापील संग्रहातले ‘इटली’ नावाचे गाणे निवडले आणि ते मोठ्या गोडीने म्हटले. गाणे संपले, कौतुक झाले आणि मग फेलिक्सला एक गोष्ट सांगणे भाग पडले. ते गाणे त्याचे नव्हतेच. त्याच्या थोरल्या बहिणीने ते रचले होते. हे सांगणे आपल्याला जड गेले, असे त्याने आईला लिहिलेल्या पत्रात प्रांजळपणे नमूद केले आहे.

त्या बहिणीचे नाव फॅनी. १८२७ आणि १८३० साली फेलिक्सच्या गाण्यांचे जे दोन संग्रह प्रसिद्ध झाले, त्यांत मिळून फॅनीची सहा गाणी होती. मुखपृष्ठावर नाव मात्र एकट्या भावाचे. इंग्लंडच्या राणीला जे गाणे सर्वांत आवडले, ते रचणारी बाई तेव्हा बर्लिनमध्ये आपल्या घरी होती आणि तिच्या नावावर छापील म्हणावे असे जवळजवळ काहीही नव्हते.

पाश्चात्त्य अभिजात संगीताचा विषय निघाला की आपल्याकडच्या सुशिक्षित घरांतही बाख, मोझार्ट, बीथोवन ही नावे सहज ओठांवर येतात. थोडी अधिक आवड असलेला माणूस शोपँ, ब्राम्स, चायकोव्हस्की अशी आणखी पाच-सात नावे सांगेल. या यादीत एकही बाई का नाही, असा प्रश्न एखाद्या मुलीने विचारलाच, तर मोठी माणसे जरा थबकतात आणि म्हणतात, “बायकांनी गायले-वाजवले पुष्कळ, पण रचना करण्याची प्रतिभा वेगळीच असते.” हे उत्तर इतक्या वेळा दिले गेले आहे की ते खरेच वाटू लागते. ते खरे आहे का, हे मात्र फारसे कुणी तपासून पाहत नाही.

तपासण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आपल्या रागसंगीतात गवई मैफलीत बसून राग उलगडतो, आणि बंदिश गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात जाते. युरोपातल्या अभिजात संगीताचे तसे नाही. तेथे रचनाकार प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर कागदावर लिहितो आणि वादक तो कागद समोर ठेवून वाजवतात. म्हणजे रचना जगायची तर ती लिहावी लागते, छापावी लागते, कुणीतरी वाजवावी लागते आणि पुन्हा पुन्हा वाजवावी लागते. लिहिणे रचनाकाराच्या हातात असते. पुढच्या तिन्ही पायऱ्या प्रकाशक, वाद्यवृंद आणि संगीतसंस्था यांच्या हातात असतात. या पायऱ्यांवर पाय ठेवायला मिळाला नाही, तर उत्तम रचनासुद्धा कपाटाच्या खणात पडून राहते. कपाटातले संगीत ऐकू येत नाही.

आता फॅनीकडे वळू. तिचा जन्म १८०५ सालचा, फेलिक्सचा १८०९ चा. वडील श्रीमंत पेढीवाले, घरात विद्येचे आणि कलांचे वातावरण. बहीण-भावंडांना संगीत शिकवायला एकच गुरू होते, कार्ल झेल्टर. फॅनीने तेराव्या वर्षी बाखच्या चोवीस प्रेल्यूड वडिलांना तोंडपाठ वाजवून दाखवल्या होत्या. मुलगी बुद्धीने भावापेक्षा कमी नाही, हे घरात सर्वांना ठाऊक होते. तरीही १८२० साली वडिलांनी तिला पत्रातून स्पष्ट बजावले : फेलिक्सच्या बाबतीत संगीत हा कदाचित व्यवसाय होईल, तुझ्या बाबतीत तो केवळ अलंकार राहील आणि तसाच राहिला पाहिजे. फॅनी तेव्हा चौदा वर्षांची होती.

यानंतर दोघांना काय काय मिळाले, ते शेजारी शेजारी ठेवून पाहावे. फेलिक्स बारा-चौदा वर्षांचा असताना त्याने तंतुवाद्यांसाठी बारा छोट्या सिम्फनी लिहिल्या. वडील रविवारी घरी मैफली भरवीत आणि त्यांसाठी व्यावसायिक वादक पैसे देऊन बोलावीत. पोराने लिहिलेले चार दिवसांत कानांवर पडे. कुठे चुकले, कुठे साधले, हे त्याला लगेच कळे. पुढे तो देशोदेशी हिंडला, लाइप्झिगच्या नामवंत वाद्यवृंदाचा संचालक झाला. फॅनीला घरचा दिवाणखाना मिळाला. १८३१ पासून तिने त्या रविवारच्या मैफली स्वतः चालवल्या आणि अशा नावारूपाला आणल्या की लिस्टसारखे लोक तेथे हजेरी लावीत. पण गायनाशिवाय निव्वळ वाद्यवृंदासाठी तिने आयुष्यात एकच रचना लिहिली. १८३४ साली एका नाट्यगृहाचा वाद्यवृंद घरी आला तेव्हा ती वाजली आणि फॅनीने स्वतः हाती छडी घेऊन संचालन केले. घराबाहेर तिचे पियानोवादन फारच क्वचित झाले. त्यांतली एक १८३८ सालची धर्मादाय मैफल. आणि तेथेही तिने वाजवली ती भावाची रचना.

“मोठ्या आकृतिबंधात माझी कल्पना टिकत नाही, मला गाणीच जमतात,” अशा अर्थाचे तिने १८३५ मध्ये फेलिक्सला लिहिले होते. प्रतिभेचा पुरावा म्हणून हे पत्र तिच्याविरुद्ध वापरता येईल. पण ज्याला वाद्यवृंद रोज हाताशी असतो त्याची कल्पना लांबवर टिकते. जिला तो जन्मात एकदाच मिळतो तिने काय टिकवावे? पोहायला शिकणाऱ्याला पाण्यात उतरू द्यायचे नाही आणि मग त्याला पोहता येत नाही म्हणायचे, असा हा न्याय आहे.

या कथेत कुणी खलनायक नाही, आणि हेच तिचे खरे दुखणे आहे. फेलिक्सचा बहिणीवर जीव होता. आपल्या रचना तो तिच्या पसंतीशिवाय पुऱ्या झाल्या असे मानीत नसे. फॅनीचा नवरा चित्रकार विल्हेल्म हेन्झेल याने तर तिला सतत प्रोत्साहन दिले. १८३७ साली आईनेसुद्धा फेलिक्सला लिहिले की, बहिणीला रचना छापण्यासाठी दोन शब्द उत्तेजनाचे लिही. फेलिक्सने नम्रपणे नकार दिला. तिने स्वतःहून ठरवले तर मी मदत करीन, पण मी तिला भरीस घालणार नाही. ती आपल्या घरसंसारात रमलेली आहे आणि बाईने असावे तशीच ती आहे, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. फॅनीच्या वाटेवरचे दार रागाने आपटून कुणी लावले नाही. ते प्रेमाने, काळजीने, हळूच लोटून घेतले गेले. अशा दाराची कडी उघडणे फार कठीण असते. आपल्यापैकी अनेक घरांना हे सांगण्याची गरज नाही.

१८४१ साली फॅनीने पियानोसाठी ‘वर्ष’ नावाची बारा महिन्यांची मालिका लिहिली. जानेवारी ते डिसेंबर, प्रत्येक महिन्याला एक रचना आणि शेवटी एक उपसंहार. तिची स्वच्छ प्रत वेगवेगळ्या रंगांच्या कागदांवर तयार झाली आणि प्रत्येक महिन्यासाठी नवऱ्याने चित्र काढले. घरातल्या दोन कलावंतांनी मिळून केलेले इतके देखणे काम. पण ते छापून बाहेर यायला १९८९ साल उजाडावे लागले. तब्बल १४८ वर्षे.

अखेर १८४६ मध्ये, वयाच्या चाळिशीत, फॅनीने धीर केला. चौदाव्या वर्षी वडिलांची वाटायची तशीच भीती आता भावांची वाटते, असे तिने फेलिक्सला लिहिले आणि रचना छापत असल्याचे कळवून टाकले. सहा गाण्यांचा तिचा पहिला संग्रह स्वतःच्या नावाने निघाला. त्यानंतर तिला जेमतेम वर्ष मिळाले. १४ मे १८४७ रोजी रविवारच्या मैफलीसाठी भावाच्याच रचनेची तालीम घेत असताना तिला पक्षाघाताचा झटका आला आणि त्याच दिवशी ती गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेलिक्सही गेला. फॅनीच्या मागे साडेचारशेहून अधिक रचना उरल्या होत्या, त्यांतल्या बहुतेक हस्तलिखितात.

मृत्यूनंतरही नावाचा हा घोळ सुटला नाही. १९७० साली पॅरिसमध्ये एका पियानो सोनाटाचे हस्तलिखित मिळाले. १८२८ मध्ये लिहिलेला हा ‘ईस्टर सोनाटा’. त्यावर ‘एफ. मेंडेल्सन’ अशी सही होती. एफ म्हणजे फेलिक्स, हे इतके उघड मानले गेले की सोनाटाची ध्वनिमुद्रिकाही त्याच्या नावाने निघाली. पुढे २०१० साली अँजेला मेस क्रिश्चन या अमेरिकन संशोधिकेने मूळ कागद तपासले. हस्ताक्षर फॅनीचे होते, आणि फॅनीच्याच एका वहीतून फाडलेली पाने नेमकी तीच होती. ८ मार्च २०१७ रोजी, महिला दिनी, लंडनमध्ये तो सोनाटा तिच्या नावाने वाजला आणि रेडिओवरून प्रसारित झाला. विशेष म्हणजे, फेलिक्सचा समजून वाजवला जात असताना त्या सोनाटात बाईपणाचा कमकुवतपणा कुणालाही दिसला नव्हता!

आता दुसरे घर. क्लारा शुमानची गोष्ट फॅनीपेक्षा वेगळी, कारण क्लारा घरात झाकलेली नव्हती. लहानपणापासून ती युरोपभर गाजलेली पियानोवादक होती. वादनात तिला कुणी अडवले नाही. सोळाव्या वर्षी, १८३५ च्या नोव्हेंबरात, तिने लाइप्झिगमध्ये स्वतः रचलेला पियानो कन्चेर्टो वाजवला, आणि तेव्हा वाद्यवृंदाचे संचालन करीत होता फेलिक्स मेंडेल्सन. इतक्या भाग्याने सुरुवात झालेल्या या मुलीने चार वर्षांनी, १८३९ मध्ये, रोजनिशीत काय लिहावे? आपल्याला रचनेचे अंग आहे असे एकेकाळी वाटत होते, पण ती कल्पना आता सोडून दिली आहे. बाईने रचना करण्याची इच्छा धरू नये. आजवर एकीलाही ते साधलेले नाही, मग मीच का म्हणून अपेक्षा ठेवावी, असा तिच्या लिहिण्याचा सारांश आहे.

पुढच्या वर्षी तिचे रॉबर्ट शुमानशी लग्न झाले. घर लहान, भिंती पातळ. रॉबर्ट रचना करीत असला की क्लाराने पियानो बंद ठेवायचा. याची खंत रॉबर्टला होती, तीही त्याने लिहून ठेवली आहे. १८४१ मध्ये दोघांचा मिळून बारा गाण्यांचा संग्रह निघाला. त्यात तीन गाणी क्लाराची, पण कुठले कुणाचे हे संग्रहात कुठेच सांगितलेले नाही. आठ बाळंतपणे, नवऱ्याचे मानसिक आजारपण, १८५६ मध्ये आलेले वैधव्य. पुढची चाळीस वर्षे तिने वादनावर आणि शिकवण्यावर संसार ओढला, नवऱ्याच्या रचना जगभर पोहोचवल्या. स्वतःची रचना मात्र जवळजवळ थांबली. १९९० च्या दशकात जर्मनीच्या शंभर मार्कांच्या नोटेवर क्लाराची छबी होती. ज्या हातांतून ती नोट जाई, त्यांपैकी किती जणांना तिचा १८४६ सालचा पियानो ट्रिओ ठाऊक होता, कोण जाणे.

क्लाराच्या रोजनिशीतल्या त्या वाक्यापाशी थोडे थांबायला हवे. “आजवर एकीलाही साधलेले नाही.” वीस वर्षांच्या हुशार मुलीला हे अगदी खरे वाटत होते, आणि ते साफ खोटे होते. फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारातल्या फ्रांचेस्का काच्चिनी हिचा ऑपेरा १६२५ मध्ये रंगमंचावर आला होता आणि छापलाही गेला होता. व्हेनिसमध्ये बार्बरा स्ट्रोझीने १६४४ ते १६६४ या वीस वर्षांत आपल्या रचनांचे आठ संग्रह स्वतःच्या नावाने काढले होते. इतक्या मागे जायचीही गरज नाही. क्लारा हे लिहीत होती तेव्हा पॅरिसमध्ये लुईझ फारेंक रचना करीत होती, आणि १८३६ मध्ये तिच्या एका रचनेचे कौतुक खुद्द रॉबर्ट शुमानने आपल्या नियतकालिकात छापले होते.

या लुईझ फारेंकचे उदाहरण मोलाचे आहे, कारण ते उलट्या बाजूने तेच सिद्ध करते. तिचा नवरा संगीताचा प्रकाशक होता, त्यामुळे छापण्याची पायरी घरातच होती. १८४२ मध्ये ती पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत पियानोची प्राध्यापक झाली आणि सुमारे तीस वर्षे तेथे शिकवत राहिली. पगार मात्र पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमी. १८५० साली तिची नऊ वाद्यांची रचना ‘नोनेट’ गाजली, तरुण व्हायोलिनवादक जोसेफ योआकिम तीत वाजवायला होता. त्या यशाच्या बळावर तिने बरोबरीच्या पगाराची मागणी केली आणि ती मिळवली. तिने तीन सिम्फनी लिहिल्या. नाव, छापखाना, पद आणि वेतन मिळाले की ‘मोठ्या आकृतिबंधातली कल्पना’ बाईलाही टिकवता येते, याहून स्पष्ट पुरावा कुठला हवा? पण तिच्या निधनानंतर या सिम्फनी वाजेनाशा झाल्या, नाव पुसट झाले, आणि पुढच्या पिढीतली मुलगी पुन्हा म्हणायला मोकळी झाली की, आजवर एकीलाही साधलेले नाही.

खरी गोम येथे आहे. या बायका विसरल्या गेल्या, हा केवळ अन्यायाचा परिणाम नाही. तो पुढच्या अन्यायाचे कारण आहे. मुलगा रचना करायला बसतो तेव्हा त्याच्या मागे पूर्वसूरींची रांग उभी असते. मुलगी बसते तेव्हा तिच्या मागे कुणीच नसते, निदान तिला तसे सांगितलेले असते. प्रत्येकीला पहिली म्हणून सुरुवात करावी लागते आणि पहिलेपणाचे ओझे भल्याभल्यांना वाकवते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात १९०३ मध्ये एथेल स्माइथ या इंग्रज बाईचा ऑपेरा झाला. दुसऱ्या बाईचा, फिनलंडच्या काया सारियाहो हिचा ऑपेरा तेथे आला २०१६ मध्ये. मधली ११३ वर्षे बायका हात जोडून बसल्या होत्या, असे कुणाला म्हणायचे असेल तर म्हणो बापडे.

अमेरिकेतल्या फ्लोरेन्स प्राइसला तर दुहेरी भिंत होती. ती कृष्णवर्णीय होती. तिची पहिली सिम्फनी १९३३ मध्ये शिकागोच्या प्रख्यात वाद्यवृंदाने वाजवली, तरी पुढे दारे उघडली नाहीत. १९४३ साली एका नामवंत वाद्यवृंद-संचालकाला लिहिताना, आपल्या वाटेत स्त्री असणे आणि वर्ण असे दोन अडथळे आहेत, हे तिने आरंभीच सांगून टाकले. १९५३ मध्ये ती गेली. २००९ मध्ये इलिनॉय राज्यातल्या एका ओसाड पडलेल्या घराची डागडुजी सुरू असताना तिच्या हस्तलिखितांचे गठ्ठे सापडले. त्यांत दोन व्हायोलिन कन्चेर्टो होते. छप्पर आणखी काही पावसाळे गळते राहिले असते, तर तेही संपले असते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. केवळ बाईने रचले म्हणून वाजवायचे का? संगीतात राखीव जागा कशाला? कानाला गोड लागेल ते टिकेल! आक्षेप रास्त आहे, पण त्यात एक गृहीत दडलेले आहे : सर्व काही एकदा तरी कानांवर पडले होते आणि कानांनी निवड केली. तसे घडलेच नाही. या रचना परीक्षेत नापास झाल्या नाहीत. त्यांना परीक्षेला बसूच दिले गेले नाही. वाजवल्यावर काही रचना सामान्यही ठरतील. पुरुषांच्याही हजारो रचना सामान्यच ठरल्या आहेत. सामान्य ठरण्याचा हक्कसुद्धा आधी ऐकले जाण्यातूनच मिळतो. व्हिएन्नाच्या वाद्यवृंदाची नववर्षाची मैफल जगभरातली घरे दूरदर्शन संचावर पाहतात. त्या मैफलीत २०२५ साली पहिल्यांदा एका स्त्रीची रचना वाजली, एकोणिसाव्या शतकातल्या कॉन्स्टान्झे गायगरचा एक वॉल्ट्झ. ती वाजल्याने मैफलीचे काही बिघडले नाही.

आपल्याकडे रचनेवर नाव कोरण्याची रीत जुनी आहे. बंदिशीत गुंफलेली ‘सदारंग’ ही मुद्रा अडीचशेहून अधिक वर्षे रचनाकाराची आठवण देत आली आहे. योगायोग असा की, क्लारा शुमानची आणि आपल्या प्रभा अत्रे यांची जन्मतारीख एकच, १३ सप्टेंबर. क्लारा १८१९ ची, प्रभाताई १९३२ च्या. प्रभाताई केवळ गाऊन थांबल्या नाहीत. त्यांनी बंदिशी रचल्या, त्या स्वरलिपीसह पुस्तकरूपाने आपल्या नावाने प्रसिद्ध केल्या, आणि आज इतर गायक-गायिका त्या मैफलीत गातात. २०२४ च्या जानेवारीत त्या गेल्या. गळा गेला तरी रचना राहिली आणि रचनेवर नाव राहिले. आता कुठल्याही मराठी मुलीला ‘आजवर एकीलाही साधलेले नाही’ असे म्हणता येणार नाही.

तरीही घरोघरी मुलींना गाणे शिकवण्याचा आपला हेतू आपण एकदा स्वतःशी पडताळून पाहायला हवा. परीक्षा द्याव्यात, चार लोकांत गाता यावे, पुढे सासरी कौतुक व्हावे, एवढ्यापुरतेच तर ते नाही ना? तसे असेल, तर १८२० सालच्या बर्लिनमधले ते पत्र आपणही आपल्या परीने पुन्हा लिहीत आहोत. मुलगी शिकवलेले गाणे सोडून स्वतःच काही गुणगुणत बसली, तर ‘आधी दिलेला पलटा घोटून काढ’ म्हणण्यापूर्वी क्षणभर ऐकून घ्यावे. तिने चाल बांधली असेल तर ती वहीत उतरवायला सांगावी, खाली तारीख घालायला सांगावी. आणि नाव आद्याक्षरात नको. पूर्ण लिहायला सांगावे.